‘अनॉन’चं मराठी कसं करायचं

जुन्या इंग्रजी नाटकात ‘अनॉन’ (उच्चारताना जोर ‘नॉन’वर) आलं की अनुवादक सरसकट ‘लवकरच’ लिहून मोकळे होतात. कित्येकदा ते चुकतं.

आधी मजकूर कधीचा ते बघा. हा शब्द म्हणजे मुळात ‘ऑन आन’ ही जुन्या इंग्रजीतली जोडी, आणि ‘आन’ म्हणजे एक. आपल्या ‘एकदम’मध्येही एकच बसलाय. चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रजी कवीकडे ‘अनून’ भेटलं तर आधी ‘तत्काळ’, ‘लगोलग’ लावून बघा.

पण नुसत्या सालावर विसंबू नका. १६११च्या किंग जेम्स बायबलात, मत्तयाच्या १३व्या अध्यायातल्या २०व्या वचनात ‘अनॉन’ आहे आणि तिथे मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘तत्काळ’च आहे. त्याच सुमाराच्या नाटकांत मात्र तो ढिला पडलेला दिसतो.

म्हणून दुसरा प्रश्न: बोलतंय कोण, आणि प्रत्यक्षात निघतंय का? शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’च्या पहिल्या भागात (अंक २, प्रवेश ४) दारूच्या गुत्त्यातला फ्रान्सिस नावाचा पोऱ्या आहे. राजपुत्र त्याला बोलण्यात अडकवतो, आतून पॉइन्स हाका मारतो आणि तो ‘अनॉन, अनॉन, सर’ करत राहतो. इथे ‘लवकरच, महाराज’ लिहिलंत तर प्रवेश मेला. गर्दीच्या वेळी दादरच्या खानावळीत पाणी मागून बघा, उत्तर येतं ते इथे लागतं: ‘आलो, आलो साहेब!’ ज्युलिएट दाईला सज्जातून तेच म्हणते. तिथे ‘आले गं, आले’ पुरे.

अर्थ घसरला तो याच सवयीने. ‘आत्ता पोचतोय’ म्हणणारा कुर्ल्यालाच असतो, आणि ऐकणारा ‘आत्ता’तून अर्धा तास वजा करायला शिकतो. ‘सून’ आणि ‘प्रेझेंटली’ यांचंही तेच झालं. दोन्ही एकेकाळी ‘ताबडतोब’ होते.

‘एव्हर अँड अनॉन’ अख्खं उचला: ‘अधूनमधून’. तुकडे केलेत की फसलात. कवितेखाली टिंबासकट ‘अनॉन.’ असेल तर तो ग्रीकातून आलेला ‘अनॉनिमस’, म्हणजे कवी अज्ञात. त्याचं याच्याशी काही नातं नाही.

तरी अडलात तर ऑक्सफर्डचा मोठा कोश काढा. १८८४ साली निघालेल्या त्याच्या पहिल्याच भागात हा शब्द येऊन गेलाय. नोंदीतली उदाहरणं सालवार असतात. आपल्या मजकुराच्या सालाच्या आसपासचं उदाहरण शोधा आणि ते ज्या अर्थाखाली दिलंय तो अर्थ तिथूनच उचला.