भीती पुसायच्या नादी लागू नका, तिचा अंदाज चुकवा

लिफ्टमध्ये चढताना पोटात गोळा येतो किंवा मीटिंगमध्ये बोलायची पाळी आली की घसा कोरडा पडतो अशा माणसाला सगळे एकच सांगतात, अरे काही होत नाही, कशाला घाबरतोस. आता हे त्यालाही माहीत असतंच की! पण नुसतं माहीत असून भागत नाही, कारण भीती मेंदू अनुभवातून शिकतो आणि ती कमी व्हायलाही त्याला अनुभवच लागतो. तो अनुभव कसा द्यायचा यावर बरंच संशोधन झालंय, त्यातलं घरी वापरता येईल तेवढं सांगतो.

आधी थोडं आत काय चालतं ते बघू, नाहीतर पुढच्या स्टेप्स विचित्र वाटतील. जोसेफ लेडू नावाच्या न्यूरोसायंटिस्टने उंदरांवर बरंच काम केलं, एक आवाज ऐकवायचा आणि लगेच हलका शॉक द्यायचा, असं थोड्या वेळा झालं की नंतर नुसत्या आवाजानेच उंदीर जागच्या जागी थिजतो. ही जोडी लावण्याचं काम मुख्यतः अमिग्डला नावाचा मेंदूतला बदामाच्या आकाराचा भाग करतो. मग तोच आवाज शॉकशिवाय परत परत ऐकवला की थिजणं कमी होत जातं, याला एक्सटिंक्शन म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं भीती गेली, पण ती गेलेली नसते. पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांमध्येच हे दिसलं होतं, आवाजानंतर खाणं मिळतं हे शिकून त्यांना नुसत्या आवाजानेच लाळ सुटायची, खाणं न देता आवाज ऐकवत राहिलं की ती बंद पडायची, पण थोडा वेळ गेल्यावर आपोआप परत सुटायची. पुढे मार्क बाउटन या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की जागा बदलली तरी जुनी भीती परत वर येते. म्हणजे जुनी जोडी तशीच राहते, तिच्या शेजारी एक नवी आठवण तयार होते की इथे काही झालं नाही, आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग त्या नव्या आठवणीच्या जोरावर अमिग्डलाला ब्रेक लावतो.

(अमिग्डला म्हणजे भीतीचं बटण असं सगळीकडे लिहिलेलं दिसतं, ते जरा जास्तच सोपं करून सांगितलेलं आहे. एस. एम. नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका बाईंचे दोन्ही बाजूंचे अमिग्डला निकामी झालेत, त्यांना साप-कोळी कशाचीच भीती वाटत नव्हती, पण 2013 मध्ये छापून आलेल्या प्रयोगात 35 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली तेव्हा त्यांना चक्क पॅनिक अटॅक आला.)

तर आपलं काम एवढंच, ती नवी आठवण होईल तितकी पक्की करायची.

सुरुवात कागद-पेनाने करा. काय वाटतं ते नाही लिहायचं, काय होईल असं वाटतंय ते लिहायचं, आणि ते नंतर खरं-खोटं तपासता आलं पाहिजे. लिफ्टची भीती वाटते यातून काहीच तपासता येत नाही. लिफ्ट मध्येच अडकेल, मला श्वास घेता येणार नाही आणि मी बेशुद्ध पडेन, हे तपासता येतं. पुढे किती टक्के खात्री आहे तेही टाका, 80 वाटत असेल तर 80, लाजायचं नाही. हा भाग लोक कंटाळून सोडतात आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण मेंदू जास्तीत जास्त शिकतो तो अंदाज चुकला की. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्क यांनी एक्सपोजर थेरपीत, म्हणजे भीती वाटते त्याला मुद्दाम सामोरं जायच्या उपचारात, याच गोष्टीवर भर दिला, आधी सगळा जोर भीती खाली येईपर्यंत थांबण्यावर असायचा. आता प्रश्न असा की तुम्ही जे होईल म्हणाला होतात ते झालं का. छातीत धडधड चालूच असली तरी चालेल, बेशुद्ध पडलात का? नाही ना, मग काम झालं.

मग प्रत्यक्ष करायचं. एकदम पंचविसाव्या मजल्यावर जायची मर्दुमकी नको, पण इतकं सोपंही नको की काही घडलंच नाही. आणि इथे एक चोरवाट असते ती बंद करा, म्हणजे हातात पाण्याची बाटली घट्ट धरणं, कोणाला तरी फोनवर ठेवणं, डोळे मिटून आकडे मोजणं, अगदी मुद्दाम केलेला दीर्घ श्वाससुद्धा. हे सगळं करून वर पोचलात तर मेंदू म्हणणार की बाटली होती म्हणून वाचलो, श्रेय बाटलीला गेलं आणि शिकवणी फुकट. सुरुवातीला बाटली घेतली तरी ठीक, पण पुढच्या खेपांना ती घरी राहिली पाहिजे.

बाहेर आलात की लगेच दोन ओळी लिहा, काय होणार होतं आणि काय झालं. मोबाइल नंतर बघा.

आता जागेचं. एकाच बिल्डिंगच्या एकाच लिफ्टमध्ये महिनाभर प्रॅक्टिस केली तर मेंदू शिकतो की ही लिफ्ट बरी आहे, दुसरीकडे गेलात की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून लिफ्ट बदला, वेळ बदला, कधी गर्दीत कधी एकटे, कधी मूड खराब असताना पण जा. सगळं थोडं विस्कळीत झालेलं चांगलंच. झोप मात्र नीट घ्या, नवी आठवण पक्की व्हायला तिची मदत होते.

भीतीची आठवण कायमची डिलीट करून देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा. 2000 मध्ये करीम नादर आणि लेडू यांच्या टीमने दाखवलं होतं की आठवण जागी केल्यावर ती थोडा काळ कच्ची होते आणि तेव्हा उंदराच्या अमिग्डलात एक औषध सोडलं तर ती परत पक्की होत नाही. भारी प्रयोग आहे, पण ते औषध माणसाला देता येण्यासारखं नाही, आणि त्यावरून माणसांसाठी काढलेल्या पद्धतींचे रिझल्ट कधी येतात कधी येत नाहीत.

आणि हे सगळं साध्या, ठरावीक भीतीसाठी आहे. अपघात, अत्याचार यांच्या आठवणी छळत असतील, रोजचं काम बंद पडलं असेल, जीव नकोसा वाटत असेल तर एकट्याने करू नका, सायकॉलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिस्टकडे जा, चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. खऱ्या धोक्यावरही हे करायचं नाही, चावऱ्या कुत्र्याला घाबरणं बरोबरच आहे.

दोन-तीन महिन्यांनी अचानक भीती परत आली तर सगळं वाया गेलं असं समजू नका, जुनी जोडी आत आहेच त्यामुळे हे होणारच, विशेषतः मध्ये बराच गॅप पडला किंवा दुसरं काही टेन्शन असलं की. तीच वही काढा, नवा अंदाज आणि टक्के लिहा आणि त्याच आठवड्यात दोन वेगवेगळ्या लिफ्टमधून जाऊन या.