इंजिनिअरिंग कॉलेजात नवीन लेक्चरर म्हणून लागताय? मार्काची एक्सेल शीट आधी उघडून बघा

शिकवायचं कसं ते मी सांगणार नाही, ते दोन सेमिस्टरमध्ये आपोआप येतं, नाहीतर पोरं आणतात. मला बोलायचंय ते क्रेडिट, मार्क, कोर्स फाइल (म्हणजे विषयाचे सगळे कागद) आणि एनबीए (अभ्यासक्रम तपासून मानांकन देणारं मंडळ) या भानगडीबद्दल. लातूर, नांदेड, बीड, धाराशिव, कुठंही जॉइन व्हा, एम.टेक. करताना यातलं एक अक्षर कुणी सांगितलेलं नसतं आणि जॉइन झाल्यावर महिन्याभरात एचओडी विचारतात, "सर, तुमची फाइल कुठंय?"

आधी छोट्या गोष्टी उरकतो. आपल्याकडचे बरेच कॉलेज आता बाटूला, म्हणजे लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेले आहेत. संभाजीनगरचं मराठवाडा विद्यापीठ पण बाबासाहेबांच्याच नावाचं, त्यामुळं अर्ज किंवा पत्र लिहिताना विद्यापीठाचं पूर्ण नाव गावासकट लिहा, नवीन माणूस इथं हमखास गोंधळतो. दुसरं, क्रेडिट आणि वर्कलोड एक नाही. थिअरीचा आठवड्याला एक तास म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलचे दोन तास म्हणजे एक क्रेडिट, हे पोराच्या बाजूनं झालं. तुमच्या बाजूनं बघा, तीच एक क्रेडिटची लॅब तीन बॅचला घ्यायची म्हणजे आठवड्याचे सहा तास गेले. असिस्टंट प्रोफेसरला एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, नियमानं आठवड्याला १६ तास लोड आहे, तर टाइमटेबल लागलं की स्वतः बसून तास मोजा. "लॅब तर एकच क्रेडिटची ओ" असं म्हणून कुणी गळ्यात घातली तर लगेच बोला, नंतर बोलून उपयोग नसतो. आणि तुम्हाला मेंटॉर म्हणून वीसेक पोरं देतील, त्यांचे एबीसी आयडी (पोरांचे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर) काढून घ्यायचं काम तुमच्याकडंच येईल, आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव जुळत नाही अशी दोन-चार तरी निघतातच, ते पहिल्याच महिन्यात बघून घ्या.

आता मुख्य मुद्दा. यातच मी लई भरडलो गेलोय, म्हणून जरा लांबण लावणार आहे.

प्रत्येक विषयाला पाच-सहा कोर्स आउटकम असतात, सीओ, म्हणजे विषय संपल्यावर पोराला काय यायला पाहिजे ते. पेपरचा प्रत्येक प्रश्न कुठल्या तरी सीओला जोडायचा, पोरांना प्रश्नवार मार्क किती पडले ते शीटमध्ये भरायचं आणि त्यावरून तो सीओ किती साध्य झाला, म्हणजे अटेनमेंट, ते काढायचं. हे सगळ्यांना माहीत असतं. सांगत कुणी नाही ते हे, की विद्यापीठाच्या एंड-सेमचा आपल्याला फक्त एकूण निकाल मिळतो, कुठल्या प्रश्नाला किती पडले ते कळत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी तो आकडा सगळ्या सीओंना सारखाच लावतात. म्हणजे कुठला सीओ कच्चा आणि कुठला पक्का हा फरक दिसतो तो फक्त तुमच्या २० मार्कांच्या मिड-सेममध्ये आणि असाइनमेंटमध्ये. तिथं घोळ झाला की सगळंच गेलं.

आणि घोळ होतो तो "कोणताही एक सोडवा" मध्ये. समजा ६० पोरं आहेत. तिसरा प्रश्न ८ मार्कांचा, अ किंवा ब. अ जोडलाय सीओ-२ ला, ब जोडलाय सीओ-३ ला. ४५ जणांनी अ सोडवला, १५ जणांनी ब. तुमचं टार्गेट आहे ६० टक्के मार्क, म्हणजे ८ पैकी ५ तरी. ब सोडवणाऱ्या १५ पैकी १२ जणांना ५ किंवा जास्त आहेत. झाले ८० टक्के, ७० टक्क्यांच्या वर पोरं टार्गेटला पोचली की लेव्हल ३ (सगळ्यात वरची) असेल तर लेव्हल ३. बरोबर?

पण मला डिपार्टमेंटकडून जी शीट मिळाली होती तिच्यात भागायचा आकडा ६० असा पक्का टाकलेला होता. ज्यांनी ब ला हातच लावला नाही, लावायची गरजच नव्हती, ती ४५ पोरं पण नापासात धरली गेली. १२ भागिले ६०, आले २० टक्के. लेव्हल शून्य. अ चं पण तेच, ४५ पैकी ३६ पोरं चांगली, खरे ८० टक्के, शीट दाखवते ६०. आणि एकदा लेव्हल शून्य आली की पुढं गॅप ॲनालिसिस लिहा, ॲक्शन टेकन लिहा, एक्स्ट्रा लेक्चरची हजेरी लावा. पोरांना मार्च महिन्यात भर दुपारी बोलावून मी तो टॉपिक परत शिकवलाय, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे तर येतंय की ओ आम्हाला." येतच होतं. शीटला येत नव्हतं.

तर एक्सेलमध्ये हे बघा. सोडवला नाही तो सेल रिकामा पाहिजे. सोडवला आणि काहीच पडलं नाही तर शून्य लिहायचं. गैरहजर असेल तर एबी. आणि भागाकारात पोरांची संख्या हातानं टाकू नका, त्या कॉलमचा काउंट लावा, तो फक्त आकडे मोजतो, रिकामा सेल आणि एबी सोडून देतो. एमसीक्यू सगळ्यांना कंपल्सरी असतात, तिथं मात्र न सोडवलेल्याला शून्यच, हे दोन्ही एकत्र करू नका. तरी एक भोक राहतंच, तीनच पोरांनी ब सोडवला आणि तिघांना आला तर १०० टक्के दिसतात, त्याला काय अर्थ? म्हणून खरा इलाज पेपर काढतानाच आहे: अ आणि ब दोन्ही एकाच सीओवर ठेवा. पोरांना चॉइस मिळतो, तुमचा हिशेब मोडत नाही. हे एवढं केलं तरी अर्धं दुखणं जातं, खरंच, घाबरायचं काही नाही.

आणि पेपर तपासतानाच प्रश्नवार मार्क भरा. "नंतर भरू" म्हणालात तर नंतर गठ्ठा सापडत नाही, मग लोक एकूण १४ चे सहा-चार-चार असे मनानं तुकडे पाडायलेत, मी बघितलंय. तसलं करू नका. तपासायला आलेल्या माणसानं एक उत्तरपत्रिका मागितली की संपलं.

शॉर्टकटचं म्हणाल तर पहिला सल्ला असतो, "मागच्या वर्षीची फाइल घ्या, तारखा बदला." फाइल जरूर घ्या, बघायला. तारखा बदलून दिलेल्या फाइलीत जुन्या बॅचचे रोल नंबर राहिलेले असतात, आणि ते नेमके एनबीएच्या व्हिजिटच्या दिवशी दिसतात. सीओ-पीओ मॅपिंगला (पीओ म्हणजे पूर्ण डिग्रीचे आउटकम) सगळीकडं ३, म्हणजे जोरात जोडलेलं, टाकणारे पण भेटतील. प्रत्येक विषय सगळ्या पीओंना जोरात जोडलेला कसा असेल? जिथं संबंध नाही तिथं डॅश टाकायला लाजू नका. पीओ आधी १२ होते, एनबीएच्या नव्या फॉरमॅटमध्ये ११ आहेत, त्यामुळं जुनी फाइल तशीही जशीच्या तशी चालत नाही.

इंटर्नलचे २० पैकी १९ सगळ्यांना वाटणारे सीनिअर भेटतील. त्यांचं पण खरं आहे थोडं, डिप्लोमाहून थेट सेकंड इयरला आलेलं पोरगं एम-३ मध्ये, म्हणजे तिसऱ्या गणितात, गटांगळ्या खातं, त्याला आधार लागतो. पण वर्गातल्या सगळ्यांना १९ आणि एंड-सेमला ६० पैकी १८, हे कागदावर शेजारी-शेजारी आलं की तुमचे १९ कुणी खरे धरत नाही, हुशार पोराचे पण नाही. फरक ठेवा. ज्याचे १२ आहेत त्याला १२ द्या आणि का दिले ते तोंडावर सांगा, पोरं ऐकून घेतात.

मेंटॉर शोधायचा तर पीएचडीवाले शोधत बसू नका, असं माझं मत आहे, पटलं तर घ्या. परीक्षा विभागातला जुना क्लार्क आणि लॅबचे मामा यांना कुठली फाइल कुठल्या कपाटात, कुठला फॉरमॅट मागच्या वेळी परत आला, सगळं पाठ असतं. त्यांच्यासोबत रोज चहा प्या.

व्हिजिटला फाइलीपेक्षा पोरांना जास्त विचारतात. "या विषयाचे सीओ काय आहेत" म्हटल्यावर पोरगं गप्प राहिलं की तुमच्याकडं बघतात. म्हणून युनिट सुरू करताना फळ्यावर साध्या मराठीत लिहा की हे संपल्यावर तुम्हाला काय करता आलं पाहिजे. पाठ करून घेऊ नका, पाठ केलेलं लगेच कळतं.

सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, असाल तर अजून एक. घेतलेल्या तासांचं रजिस्टर महिन्याच्या महिन्याला सहीसकट झेरॉक्स करून घरी ठेवा आणि शीटची एक कॉपी स्वतःच्या मेलवर टाका. मानधन उशिरा निघतं ते निघतंच, पण तासांवरून वाद झाला तर तो कागदच कामाला येतो, आणि दुसऱ्या कॉलेजात इंटरव्ह्यूला "अटेनमेंट कसं काढता" विचारलं तर लॅपटॉप उघडून दाखवता येतं.