जुन्या वास्तूचं हॉटेल करताना: आधी वायर, मग दिवा

जुन्या दगडी किंवा लाकडी वास्तूचं हॉटेल करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत दिव्यांचे कॅटलॉग उघडले जातात. ते मिटून ठेवा. इथे दिवा शेवटी ठरतो. वायर कुठून जाणार आणि ड्रायव्हर (एलईडीला लागणारा वीजपुरवठा देणारा डबा) कुठे बसणार, हे आधी ठरतं. नव्या इमारतीसारखी भिंत खोदून वायर दडवायची मुभा इथे नसते. वास्तू वारसा यादीत असेल, तर लेखी परवानगी हातात येईपर्यंत खिळासुद्धा ठोकू नका.

पाहणी दोनदा करा, एकदा दिवसा आणि एकदा पूर्ण अंधारात. दिवसा नकाशावर जुन्या वाटा टिपा: बंद पडलेली धुराडी, फळ्यांच्या जमिनीखालची पोकळी, भिंतीच्या पायथ्याची लाकडी पट्टी, कंगोऱ्याचा वरचा काठ, आधीच्या वायरिंगची भोकं. नवी वायर शक्यतो याच वाटांनी न्या. रात्री अरुंद झोताची बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून वर धरा. घडीव दगड असेल तर छिन्नीचे घाव उठून दिसतात आणि भिंत जिवंत होते. पण गिलाव्याची डागडुजी झालेली असेल, तर प्रत्येक ठिगळ, प्रत्येक फुगवटा तितक्याच इमानाने समोर येतो. दिवा भिंतीपासून १५ ते ३० सेंमीवर बसवला की हाच परिणाम कायमचा मिळतो. ठिगळं लपवायची असतील तर दिवा भिंतीच्या उंचीच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर न्या, म्हणजे उजेड समान पसरतो. ही दहा मिनिटांची चाचणी टाळली, तर गिलावा पुन्हा करायची वेळ येते.

ड्रिल दगडात नव्हे, चुन्याच्या सांध्यात मारा, तेही ड्रिलची हॅमर (ठोके देणारी) सोय बंद ठेवून. सांधा पुन्हा भरता येतो, फुटलेला दगड जोडता येत नाही. स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. साधं लोखंड गंजलं की फुगतं आणि आतूनच दगडाचा टवका उडवतं. लाकडी तुळईला मधल्या भागात खालून खाच मारू नका, कारण सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो. तुळईभोवती पट्टा आवळून, मध्ये रबर घालून दिवा टांगा. काढला तर मागे खूण राहत नाही. दर दिव्यामागे स्वतःला विचारा: उद्या हा उतरवला, तर भिंत जशी होती तशी मिळेल का?

खोल्यांमध्ये वायर वाहून न्यायचं काम फर्निचरला द्या. पलंगाची पाठ भिंतीपासून ४–५ सेंमी सुटी ठेवा. वाचायचे दिवे, स्विच, सॉकेट सगळं तिच्यातच बसवा आणि पुरवठा जमिनीतून एकाच ठिकाणी वर आणा. कपाटाच्या माथ्यावर, खालून दिसणार नाही अशी एलईडी पट्टी ठेवली की छत उजळतं आणि छताला हातही लागत नाही. वाचायच्या दिव्याला ३ वॅट आणि ३० अंशांच्या आसपासचा झोत पुरतो. पलंगाखाली हालचालीवर लागणारी मंद पट्टी हवीच. अनोळखी खोलीत रात्री स्विच चाचपडत फिरण्यासारखा वैताग नाही.

आता पट्टीचा हिशेब, कारण घोटाळा इथेच होतो. २४ व्होल्टची, मीटरला १० वॅट घेणारी ५ मीटर पट्टी म्हणजे ५० वॅट, सुमारे २.१ अँपिअर. ड्रायव्हर पट्टीपासून १० मीटर दूर असेल आणि वायर १.५ चौ. मिमी तांब्याची असेल, तर जाऊन-येऊन २० मीटरमध्ये अर्धा व्होल्ट वाटेतच कमी होतो, म्हणजे २ टक्के. चालेल. ड्रायव्हर २० मीटर दूर गेला की एक व्होल्ट कमी होतो, सुमारे ४ टक्के, आणि शेजारच्या पट्टीपेक्षा ही मंद दिसू लागते. तिथे २.५ चौ. मिमी वापरा, घट ०.६ व्होल्टवर येते. पट्टी ५ मीटरपेक्षा लांब असेल तर दोन्ही टोकांनी पुरवठा द्या. ड्रायव्हर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका, म्हणजे ५० वॅटला ७५चा घ्या.

ड्रायव्हर हवा खेळेल अशा, हात पोहोचेल अशा जागी ठेवा. बंद कोनाड्यात कोंडला की आतले कपॅसिटर तापतात. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. एलईडी टिकाऊ म्हणून घेतलेली फिटिंग मग ड्रायव्हरपायी बंद पडते. दुसरी तक्रार एमसीबी (जास्त प्रवाह आला की आपोआप बंद होणारा स्विच) उडण्याची. एकूण भार दोन अँपिअर असूनही स्विच टाकताच एमसीबी पडतो, कारण सगळे ड्रायव्हर त्या क्षणी एकदम मोठा प्रवाह ओढतात. असा क्षणिक प्रवाह सोसणारा सी प्रकारचा एमसीबी घ्या आणि एका एमसीबीवर किती ड्रायव्हर चालतील, हे उत्पादकाच्या तक्त्यात बघा.

उजेडाचा रंग २७०० केल्विन, म्हणजे उबदार पिवळसर; सीआरआय, म्हणजे वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, किमान ९०. लाकूड, तांबडा दगड आणि माणसाची कातडी यांसाठी आर९, म्हणजे गडद लाल किती खरा दिसतो, हा आकडाही मागून घ्या. कॉरिडॉरला १०० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) पुरेत, नोंदणीच्या टेबलावर ३००. जुने कापड, जलरंग किंवा हस्तलिखितं टांगलेली असतील तर ५० लक्सच्या वर जाऊ नका, तैलचित्राला २०० पर्यंत. नुकसान साठत जातं: ५० लक्सचे सोळा तास आणि १०० लक्सचे आठ तास सारखेच.

डिमिंगसाठी, म्हणजे उजेड कमी-जास्त करायला, डाली ही तारेवरून दिव्यांना हुकूम देणारी पद्धत घ्या. एका लाइनवर ६४ पत्ते, म्हणजे वेगवेगळे हुकूम घेणारे ६४ ड्रायव्हर, कमाल ३०० मीटर केबल. जाड दगडी भिंतींतून बिनतारी सिग्नल धड जात नाही, त्यामुळे वायरलेसचा मोह आवरा. डोळ्याचं गणित वेगळं असतं: मोजून १० टक्के उजेड डोळ्याला तीसच्या आसपास वाटतो, १ टक्का दहासारखा. त्यामुळे किमान १ टक्क्यापर्यंत उतरणारेच ड्रायव्हर मागा, नाहीतर रात्रीचा लाउंज कधीच शांत वाटणार नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ, उशिराची रात्र हे उजेडाचे चार ठरलेले देखावे पुरतात.

झुंबर वापरायचं असेल तर आतली जुनी कापडी वेष्टणाची वायर पूर्ण बदला, धातूच्या सांगाड्याला अर्थिंग द्या आणि वजन स्वतंत्र पोलादी दोरीने तुळईवर घ्या. २४ बल्ब ४ वॅटचे झाले की भार जेमतेम ९६ वॅट उरतो. जुना डिमर एवढ्या कमी भारावर लुकलुकतो, तोही बदला.

बाहेर पडायच्या मार्गावरच्या आपत्कालीन दिव्यांत सौंदर्याची सबब चालत नाही. युरोपीय ईएन १८३८ मानकात मार्गावर किमान १ लक्स लागतो. स्थानिक नियम त्याहून कडक असेल तर तो पाळा.

झोतांचे कोन रात्रीच लावा. खुर्चीत बसून, पलंगावर आडवं होऊन, जिना उतरताना डोळ्यांत दिवा येतो का, ते पाहा. कोन पक्के झाले की फोटो काढून नकाशाला जोडा. सुटे बल्ब एकाच बॅचचे, दहा टक्के जास्त घेऊन ठेवा आणि खोक्यावर केल्विन मोठ्या अक्षरांत लिहा, नाहीतर वर्षभरात झुंबरात एक ४००० केल्विनचा पांढराफटक बल्ब लागलेला दिसेल.