कंट्रोलरची बॅटरी ‘गेली’ म्हणण्याआधी: या चुका टाळा

सुट्ट्या लागल्या की नाशिकमध्ये व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरच्या दोन तक्रारी ठरलेल्या. पहिली, ‘चार्जच होत नाही, बॅटरी गेली.’ दुसरी, ‘आत्ताच नवीन सेल टाकले, तरी उतरले.’ पहिलीत बॅटरी बहुतेक वेळा धडधाकट असते. दुसरीत सेल नवीन असतात खरे, पण चुकीच्या जातीचे.

बिल्ट-इन बॅटरी चांगली की बदलता येणारी, यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. आमचं मत सरळ आहे: पेन्सिल (एए) सेलवर चालणारा कंट्रोलर दहा वर्षांनीही चालू करता येतो, बिल्ट-इनवाल्याची तेवढी खात्री देता येत नाही. पण सेलच्या कंट्रोलरला बिल्ट-इनसारखं वागवलं, किंवा बिल्ट-इनवाला रिमोटसारखा उचकटला, की दोन्ही सारखेच वाया जातात.

न तपासता बॅटरीला दोष देणं

ही चूक सगळ्यांत जास्त दिसते आणि सगळ्यांत महाग पडते. ड्युअलशॉक 4, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन 4 च्या कंट्रोलरचं उदाहरण घ्या. त्याचं मायक्रो-यूएसबी सॉकेट मुख्य बोर्डावर नसतं, मागच्या कव्हरला लावलेल्या छोट्या वेगळ्या बोर्डावर असतं. दोन-तीन वर्षं केबल वाकडी-तिकडी घालून ते ढिलं होतं. मग केबल एका विशिष्ट कोनात धरली तरच चार्ज होतो, आणि मालक म्हणतो बॅटरी गेली.

सिडकोतला एक ड्युअलशॉक 4 असाच ‘बॅटरी गेलेला’ होता. मालक कॉलेजचा मुलगा, घाई जबरदस्त. ऑनलाइन ‘3000 एमएएच’ (मिलिअँपिअर-अवर, म्हणजे क्षमतेचा आकडा) लिहिलेली बॅटरी मागवली, ती येताच मागचे चार स्क्रू काढले आणि दोन्ही अर्धे नारळ फोडल्यासारखे ओढले. त्या दोन अर्ध्यांमध्ये एक बारीक पांढरी रिबन पट्टी असते. चार्जिंग बोर्ड आणि मुख्य बोर्ड तिनंच जोडलेले असतात. ती एका कडेला फाटली. आर2 या उजव्या ट्रिगर बटणाची स्प्रिंग उडून दिवाणाखाली गेली. नवी बॅटरी मूळ बॅटरीपेक्षा जाड निघाली, त्यामुळे कव्हर बसेना, तर पठ्ठ्यानं स्क्रू पिळून बसवलं. दाबलेली लिथियम बॅटरी आत ठेवून कंट्रोलर चार्जिंगला लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. सुदैवानं फाटक्या पट्टीमुळे तो चार्जच झाला नाही. जुनी बॅटरी बाहेर काढून मोजली तर ठणठणीत. दोष त्या छोट्या बोर्डाचा होता, आणि तो बोर्ड बॅटरीपेक्षा स्वस्त मिळतो.

आमचा क्रम ठरलेला आहे आणि आम्ही तो मोडत नाही. आधी केबल बदलायची, मग चार्जर. पूर्ण उतरलेला कंट्रोलर लगेच काही दाखवत नाही, त्याला अर्धा तास तसाच राहू द्यायचा. ड्युअलशॉक 4 आणि ड्युअलसेन्स (प्लेस्टेशन 5 चा कंट्रोलर) बंद अवस्थेत चार्ज होत असतील तर नारिंगी दिवा सावकाश कमी-जास्त होतो. दिवा लागतच नसेल किंवा केबल हलवल्यावर विझत असेल, तर संशय सॉकेटवर. दिवा लागतो, थोड्याच वेळात ‘चार्ज पूर्ण’ म्हणून विझतो आणि खेळायला घेतल्यावर वीस मिनिटांत कंट्रोलर बंद पडतो, तर मात्र बॅटरी थकली समजा. मधे एकदा मागच्या बारीक छिद्रात पिन घालून पाच सेकंद रीसेट दाबून बघा. ड्युअलशॉक 4 ला हे छिद्र एल2 या डाव्या ट्रिगरजवळ असतं. रीसेटनं थकलेली बॅटरी जिवंत होत नाही, पण कनेक्ट न होण्याचा घोळ बॅटरीच्या माथी मारला जात असेल तर तो सुटतो.

उघडायचं ते यानंतर. आत मल्टीमीटर लावला तर पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीवर 4.1 ते 4.2 व्होल्ट दिसायला हवेत. तासभर खेळून आकडा 3.5 च्या खाली येत असेल तर बॅटरी बदला. कव्हर मुठींच्या बाजूनं सोडवत आणायचं, दोन बोटांएवढी फट झाली की थांबायचं आणि रिबन सरळ रेषेत बाहेर ओढायची. सगळी कसोटी त्या ‘थांबायचं’मध्ये आहे. फट पाडायला प्लास्टिकची पट्टी किंवा गिटारचं पिक वापरा. सुरी आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर स्वयंपाकघरात आणि गॅरेजमध्ये शोभतात.

एमएएचच्या आकड्याला भुलणं

ड्युअलशॉक 4 ची मूळ बॅटरी, एलआयपी1522, ही 1000 एमएएचची. 2020 साली आलेल्या ड्युअलसेन्सचं अंग मोठं, तरी सोनीनं त्यात 1560 बसवली. असं असताना जुन्या कंट्रोलरच्या खाचेत बरोब्बर बसणारी 3000 एमएएच कुणी विकत असेल, तर तो फक्त लेबल छापतो आहे. खरोखर थोडी जास्त क्षमता असलेली बॅटरी मिळते, पण तीही जाडीनं थोडी मोठीच असते.

शिवाय वेगवेगळ्या व्होल्टेजच्या बॅटऱ्यांचे एमएएच एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. 2000 एमएएचचे दोन रिचार्जेबल पेन्सिल सेल एकापुढे एक लावले तरी ते 2000 च राहतात, 4000 होत नाहीत. वाढतो तो व्होल्टेज. 2.4 व्होल्ट गुणिले 2 अँपिअर-अवर, म्हणजे 4.8 वॉट-अवर, हा खरा साठा. ड्युअलसेन्सचे 3.65 गुणिले 1.56, म्हणजे साधारण 5.7. ड्युअलशॉक 4 चे 3.65 गुणिले 1, म्हणजे 3.65. जास्त साठा असूनही ड्युअलसेन्स पेन्सिल सेलच्या कंट्रोलरपेक्षा लवकर उतरतो, कारण त्याचे ट्रिगर आणि कंपनाच्या मोटारी भरपूर खातात. गेमच्या सेटिंगमध्ये कंपन कमी केलं तर जो फरक पडतो, तो नव्या बॅटरीनंही पडत नाही.

बॅटरी मागवताना ड्युअलशॉक 4 चा मॉडेल नंबर वाचा. सीयूएच-झेडसीटी1 आणि झेडसीटी2 यांच्या बॅटरीचे कनेक्टर वेगळे आहेत. बसत नाही म्हणून वायर कापून जोडणाऱ्यांशी आम्ही वाद घालत नाही, फक्त लाल-काळी उलटी तर नाही ना हे मीटरवर बघा एवढंच सांगतो.

किराणा दुकानातला ‘हेवी ड्यूटी’ सेल

आता एक्सबॉक्स. त्याच्या साध्या वायरलेस कंट्रोलरला दोन पेन्सिल सेल लागतात आणि नव्या पिढीच्या कंट्रोलरसाठी मायक्रोसॉफ्ट 40 तासांपर्यंतचा दावा करते. तो दावा चांगल्या अल्कलाइन सेलवरचा आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात जो स्वस्त सेल मिळतो तो बहुधा झिंक-कार्बनचा असतो, आणि गंमत म्हणजे त्याच्यावरच ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेलं असतं. घड्याळाला आणि टीव्हीच्या रिमोटला तो छान. कंट्रोलर थरथरला की त्याचा व्होल्टेज बसतो आणि निम्मा जीव शिल्लक असताना कंट्रोलरचं कनेक्शन तुटतं.

जाहिरात वाचू नका, सेलवरचा बारीक कोड वाचा. नुसतं आर6 म्हणजे झिंक-कार्बन. एलआर6 म्हणजे अल्कलाइन. एचआर6 म्हणजे रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड. आठवड्यातून दोन-तीनदा खेळणाऱ्यानं सरळ एचआर6 चे चार सेल घ्यावेत, दोन आत, दोन चार्ज होऊन तयार. लाइट गेली तरी खेळ थांबत नाही. जोड्या मार्करनं खुणा करून ठेवायच्या आणि जोडी कधी फोडायची नाही. एक दमलेला आणि एक ताजा सेल एकत्र लावला की दमलेला संपल्यावरही त्यातून प्रवाह ढकलला जातो आणि त्याचे ध्रुव उलटतात. तो तिथेच मरतो, बऱ्याचदा गळतोही. चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजणारा हवा. रात्रभर लावून ठेवायचे ठोकळे चार्जर सेल शिजवतात.

एचआर6 सेल 1.2 व्होल्टचे असल्यामुळे स्क्रीनवरचा बॅटरीचा अंदाज थोडा चुकतो. त्यानं घाबरायचं कारण नाही. यूएसबीनं चार्ज होणारे 1.5 व्होल्टचे लिथियम सेल याच्या उलट: शेवटपर्यंत ‘फुल’ दाखवतात आणि ऐन मॅचमध्ये एकदम मान टाकतात.

आणि हे मात्र कधीच नको: 14500 नावाचा 3.7 व्होल्टचा सेल. टॉर्चसाठी मिळतो, आकार हुबेहूब पेन्सिल सेलचा. दोन लावले की तीन व्होल्टच्या जागी सात-आठ व्होल्ट जातात. पुढचं काही दुरुस्त होण्यासारखं राहत नाही.

सेल आत ठेवून कंट्रोलर महिनोन् महिने कपाटात टाकणं हा आमचा दुसरा राग. परीक्षा जवळ आली की आई कंट्रोलर वर ठेवते, मे महिन्यात तो खाली येतो तेव्हा स्प्रिंगवर पांढरी बुरशीसारखी पूड. अल्कलाइनमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं आणि हवेत त्याची पूड होते. हातमोजे घालून कोरड्या ब्रशनं ती झटका. मग इअरबडला पांढरं व्हिनेगर लावून स्प्रिंग पुसा, फेस यायचा थांबेपर्यंत. त्यानंतर दुसऱ्या इअरबडनं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि दोन-तीन तास वाळू द्या. व्हिनेगर ओतायचं नाही, पुसायचं. सँडपेपरनं घासलं तर स्प्रिंगवरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज येतो. गळलेला सेल झिंक-कार्बनचा असेल तर गळती आम्लधर्मी असते, तिथे व्हिनेगरऐवजी ओलसर खायचा सोडा. पूड स्प्रिंगच्या मागे बोर्डावर गेली असेल तर उघडणं आलं. त्याला मधे भोक असलेला टॉर्क्स 8 चा, म्हणजे चांदणीच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर लागतो, आणि एक स्क्रू सेलच्या खणातल्या स्टिकरखाली लपलेला असतो. तो न काढता ओढणाऱ्यांनी बरीच कव्हरं तडकवली आहेत.

केबल लावली म्हणून आतले पेन्सिल सेल चार्ज होत नाहीत. केबलनं कंट्रोलर चालतो, सेल भरत नाहीत. भरणारा पॅक वेगळा विकत मिळतो. आणि एक्सबॉक्सच्याच एलिट सिरीज 2 कंट्रोलरला सेलचा खणच नाही, बॅटरी आत आहे. सेकंडहँड घेताना हे विसरू नका.

हँडहेल्डच्या बाबतीत

सोनीच्या पीएसपी या हातात धरून खेळायच्या जुन्या यंत्राची बॅटरी झाकण सरकवून निघते, पण मूळ बॅटऱ्या आता जुन्या झाल्या आणि त्या फुगतात. मागचं झाकण वर आलेलं दिसलं की आधी बॅटरी बाहेर काढा. पीएसपी अडॅप्टरवर बॅटरीशिवाय चालतो. 1000 मॉडेलची जाड बॅटरी 2000 आणि 3000 ला चालते, पण नेहमीचं झाकण लागत नाही.

निन्टेन्डो स्विचचा प्रो कंट्रोलर बाहेरून बिल्ट-इन दिसतो. आत मात्र सीटीआर-003 नावाची 1300 एमएएचची तीच बॅटरी आहे जी निन्टेन्डोच्याच 3डीएस या हँडहेल्डमध्ये असते. ना वायर, ना गोंद, नुसती उचलायची. खुद्द स्विचची 4310 एमएएचची बॅटरी चिकटवलेली असते आणि बाहेरचे स्क्रू तीन पाकळ्यांचे असतात. फुलीचा स्क्रू ड्रायव्हर लावून त्यांची डोकी गोल करू नका.

स्टीम डेक हा पीसी गेमचा हँडहेल्ड उघडण्याआधी मायक्रोएसडी कार्ड काढा. विसरलात तर कव्हर उचलताना कार्डाचे दोन तुकडे होतात, आणि हे वाचूनही काहीजण विसरतात. बायोसमध्ये (चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बॅटरी स्टोरेज मोड आहे, तो लावूनच आत हात घाला. बॅटरी घट्ट चिकटवलेली असते, त्यामुळे पहिलीच दुरुस्ती म्हणून तिला हात लावू नये. युरोपात 18 फेब्रुवारी 2027 पासून अशा उपकरणांतल्या बॅटऱ्या ग्राहकाला काढता येतील अशाच असाव्यात असा नियम लागू होतोय. आपल्याकडे तोवर गोंद सांभाळा.

उरलेल्या, थोडक्यात

पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात लावलेल्या गाडीत चार्जिंग नको. एप्रिल-मेमध्ये नाशिक चाळिशी गाठतं, आणि लिथियम बॅटरी चार्ज करायला 10 ते 30 अंश बरे.

बिल्ट-इनवालं काहीही शून्यावर उतरवून ठेवून देऊ नका. निम्मं भरून ठेवा आणि सहा महिन्यांतून एकदा चार्ज करा.

मोबाईलचा मोठा चार्जर कंट्रोलरमध्ये जबरदस्तीनं करंट ढकलत नाही. कंट्रोलर हवा तेवढाच घेतो. सॉकेट ढिलं करणारी स्वस्त केबल मात्र खरी वैरी आहे.

फुगलेल्या बॅटरीला टोचून हवा काढणारे व्हिडिओ बघू नका. चार्जिंग बंद करा, कनेक्टरच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, वाळू भरलेल्या डब्यात घराबाहेर ठेवा. घंटागाडीत ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, गाडीत कचरा दाबला जातो तेव्हा ती पेट घेऊ शकते. घातक कचरा म्हणून वेगळी सांगून द्या, नाहीतर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर पोचवा.