ब्रेस्ट इम्प्लांट आहे आणि छातीला मार लागलाय? या चुका टाळा

अपघातात सीटबेल्ट छातीवर करकचून बसला किंवा पडताना छाती जोरात आपटली की इम्प्लांट असलेली बाई आधी आरशात बघते, दोन्ही बाजू सारख्या दिसल्या की सुटले म्हणते. इथेच फसायला होतं. सलाईनचं इम्प्लांट फुटलं तर कळतंच, काही तासांत नाहीतर काही दिवसांत ती बाजू चक्क बसते, आतलं मिठाचं पाणी शरीर शोषून घेतं. सिलिकॉनचं तसं नाही. जेल घट्ट असतं, आणि इम्प्लांटभोवती शरीराने स्वतःच एक आवरण तयार केलेलं असतं, त्यामुळे इम्प्लांटचं कवच फाटलं तरी जेल बहुतेकदा त्या आवरणातच राहतं, आकार तोच, दुखतही नाही, आणि वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

मग मॅमोग्राफी नॉर्मल आली म्हणून निवांत राहायचं, ही पुढची चूक. सिलिकॉन त्यात नुसतं पांढरंफटक दिसतं, जेल आवरणाबाहेर आलं असेल तर कळू शकतं पण आतली फाट सहसा नजरेतून सुटतेच. सोनोग्राफी बरी, तरी सगळ्यात भरवशाची एमआरआय, आणि फाट बघायला कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही. फक्त आत टिश्यू एक्स्पांडर (त्वचा हळूहळू ताणायला घातलेली, बाहेरून भरता येणारी पिशवी) असेल तर एमआरआयच्या आधी सांगा, काहींच्या पोर्टमध्ये, म्हणजे सुईने भरायच्या तोंडात, मॅग्नेट असतं. खरंतर मार लागला नसला तरी अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये सांगितलंय की सिलिकॉन इम्प्लांटची पहिली तपासणी ५-६ वर्षांनी आणि मग दर २-३ वर्षांनी करावी.

इमर्जन्सीत इम्प्लांटचं लपवू नका, प्लीज. नातेवाईक शेजारी उभे असतात, संकोच वाटतो, मान्य आहे, पण फुप्फुसाला इजा झाली असेल आणि छातीत नळी घालायची वेळ आली तर डॉक्टरांना हे माहीत असायलाच हवं. त्यांना बाजूला घेऊन सांगा. आणि दम लागत असेल तर इम्प्लांट नंतर, आधी बरगड्या आणि फुप्फुसं.

एकच बाजू भराभर सुजली, ताणली, काळीनिळी पडली तर आत रक्त साचत असू शकतं, त्याच दिवशी सर्जनला दाखवा, शेक आणि मसाज तर अजिबात नको. साचलेल्या रक्तामुळे पुढे आवरण आवळून ब्रेस्ट कडक होण्याचा धोकाही वाढतो.

काही महिन्यांनी सूज आली तर "तो जुनाच मार" म्हणून सोडून देऊ नका. इम्प्लांटभोवती पाणी साठलं असेल तर ते सोनोग्राफीत बघून काढून तपासायला पाठवतात, कारण क्वचित त्यामागे लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) निघतो. गाठीचंही तेच, माराने चरबी मरून गाठ होते आणि ती हाताला अगदी कॅन्सरसारखी लागते, त्यामुळे हाताने चाचपून काहीच ठरवू नका, स्कॅन करा, गरज वाटली तर डॉक्टर बायोप्सी सांगतील.

आणि इम्प्लांटचं कार्ड शोधून आजच त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कंपनी, प्रकार, साईज, तारीख सगळं त्यावर असतं. जुने स्कॅनही टाकू नका, फाट आधीचीच की या मारामुळे झाली हे त्यावरूनच ताडून बघता येतं.