कंपनीला फोन लावण्याआधी स्टॉप कोडचा फोटो काढा
लॅपटॉप निळी स्क्रीन दाखवून बंद पडला (नव्या विंडोज 11 मध्ये ती काळी झालीय) की आपण हेल्पलाइन लावतो, कन्नडसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा करत अर्धा तास जातो आणि शेवटी उत्तर एकच, फॉरमॅट मारा. वॉरंटी असेल तर कंपनीच बरी बघा, पार्ट फुकट मिळतो, उगाच बेळगावच्या खडेबाजारात नेऊन उघडू नका. वॉरंटी संपलीय तर स्क्रीनवरचा स्टॉप कोड (काय बिघडलंय ते सांगणारं इंग्रजी नाव), मॉडेल, विंडोजचं व्हर्जन युजर ग्रुपवर, म्हणजे लॅपटॉप वापरणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर, टाका. खानापुरात भावाच्या मशीनवर 'मेमरी मॅनेजमेंट' हा स्टॉप कोड येत होता, ग्रुपवर एकानं सांगितलं चार्जर काढ, रॅमची (आतल्या मेमरी कार्डाची) सोनेरी पट्टी खोडरबरनं हलकी पुसून परत बसव, झालं की चालू! सिरीयल नंबर मात्र झाका, आणि कुणी एनीडेस्कचा (लांबून दुसऱ्याचा लॅपटॉप चालवायच्या अ‍ॅपचा) कोड मागितला तर अजिबात देऊ नका.