घरची सुतारशाळा: आधी लाकूड धरायची सोय, मग अवजारं

घरी हाताने सुतारकाम सुरू करणाऱ्यांसाठी मागच्या वेळी मी अवजारांची यादी दिली होती. त्या यादीत रंधा होता, चार पटाशा होत्या, करवत होती, पॉलिश पेपरसुद्धा होता. लाकूड धरायचं कशाने, एवढंच नव्हतं. म्हणून या वेळची यादी तिथूनच सुरू करतो. बाकी वाचायचा कंटाळा आला तरी एवढं वाचा. हाताच्या कामात अवजार हलतं आणि लाकूड जागचं हलता कामा नये. ते सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जरी सरकलं तरी रंध्याचा सगळा जोर सरकण्यात जातो, करवत रेघ सोडते आणि पटाशी डाव्या हातात घुसते. जुने सुतार जमिनीवर बसून टाचेने आणि पायाच्या बोटांनी लाकूड दाबून धरायचे. पाय हाच त्यांचा शेगडा, म्हणजे लाकूड आवळून धरणारा व्हाइस, आणि ती पकड लहानपणापासून कामाला बसून तयार व्हायची. जेवणाच्या टेबलाशी उभं राहून एका हाताने लाकूड धरलं की तसं काम होईल, हे डोक्यातून काढून टाका.

तेव्हा पहिला खर्च बेंचचा. फ्लॅटमध्ये 4 फूट लांब आणि 20 इंच रुंद पुरतो, यापेक्षा अरुंदही चालेल, पण हलका चालणार नाही. वरची फळी अडीच ते तीन इंच जाड हवी. नवं सागवान यात घालू नका. जुन्या बाजारात पाडलेल्या घरांच्या चौकटींची 4×3 इंची लाकडं मिळतात, ती शेजारी शेजारी चिकटवा. आधी त्यांवरून लोहचुंबक फिरवा, कारण आत मोडलेला एक खिळा रंध्याच्या पात्याला पडलेला दाता अर्धा तास घासायला लावतो. तेही जमत नसेल तर 18 मिमी प्लायचे चार थर एकावर एक चिकटवले की 72 मिमी होतात. पुढचे पाय आणि फळीची पुढची कड एका पातळीत ठेवा. टेबलासारखी फळी बाहेर काढली तर उभी धरायची पाटी, म्हणजे कामाची फळी, पायाला टेकत नाही आणि खालून लोंबकळते. हे नंतर दुरुस्त करता येत नाही, आताच लक्षात घ्या.

उंचीसाठी ताठ उभं राहून हात सैल सोडा. करंगळी तळहाताला जिथे मिळते तिथे बेंचची वरची पातळी यायला हवी. साडेपाच फुटी माणसाला ती 31-32 इंच येते. स्वयंपाकाचा ओटा साधारण 34 इंच असतो, म्हणून ओट्यावर रंधा मारताना खांदे भरून येतात आणि अंगाचा भार पात्यावर पडत नाही. बेंच तयार झाला की तो लांबीच्या दिशेने दोन्ही हातांनी जोरात ढकलून पाहा. सरकला तर पायांमध्ये खाली एक फळी टाकून तिच्यावर विटा किंवा वाळूच्या पिशव्या ठेवा, नाहीतर एल-अँगलने भिंतीला जखडा. बेंचच घसरत असेल तर त्यावर लाकूड कितीही घट्ट पकडा, उपयोग शून्य.

आता पकड. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं 'व्हाइस' म्हटलंत तर फिटरचा व्हाइस हातात ठेवतील: जबडे लहान, दातेरी, आणि बेंचच्या वर आलेले. तो सागाच्या कडेवर जाळीचा ठसा उठवतो आणि रंधा त्याच्या डोक्यावर आपटतो. सुतारी व्हाइस मागा, 7 किंवा 9 इंची. त्याचे रुंद, सपाट जबडे बेंचच्या पातळीच्या खाली बसतात. आतला जबडा फळीच्या कडेशी सपाट यावा म्हणून कडेला खाच पाडून तो आत बसवा आणि दोन्ही जबड्यांना आतून प्लाय किंवा मऊ लाकडाची पट्टी लावा. लांब पाटी कडेवर उभी धरली की तिचं दुसरं टोक खाली कलतं. त्यासाठी दुसऱ्या टोकाच्या पायाला वरपासून खालपर्यंत चार-चार इंचांवर भोकं पाडून एक खुंटी ठेवा. पाटी त्या खुंटीवर टेकवा.

पण फक्त व्हाइस घेऊन थांबू नका. पाटी आडवी ठेवून तिच्या तोंडावर, म्हणजे रुंद बाजूवर, रंधा मारायचा असेल तेव्हा व्हाइस बाजूला बसून राहतो. तिथे अडसर लागतो: बेंचच्या डाव्या टोकाला, डावखुऱ्यांनी उजव्या, स्क्रूने बसवलेली लाकडी पट्टी. ती पाटीपेक्षा बुटकी असलीच पाहिजे. पाऊण इंची पाटीला अर्धा इंच पट्टी पुरे, नाहीतर रंधा पट्टीवर जाऊन आदळतो. पाटी बाजूला सरकू नये म्हणून मागच्या कोपऱ्याशी इंग्रजी व्हीसारखी खाच पाडलेली फळी लावून ती फळी क्लॅम्पने दाबा. पाटीला पीळ असेल आणि ती डुगडुगत असेल तर जो कोपरा उचललेला आहे त्याखाली पाचर सरकवा. पाचर न लावता रंधा मारलात तर पाटी दाबाखाली सपाट होते, तशीच रंधली जाते आणि हात काढला की पुन्हा वाकडी.

करवतीसाठी बेंच-हुक. प्लायचा 10×8 इंची तुकडा, एका टोकाला वरून पट्टी, दुसऱ्या टोकाला खालून. खालची बेंचच्या कडेला अडते, वरच्या पट्टीला लाकूड टेकवायचं. वरची पट्टी गोंदाने आणि लाकडी खुंट्यांनी बसवा, स्क्रू नको, कधी ना कधी करवत त्यात जातेच. एका तासाचं काम आहे, पहिलं तेच करा. लांब फळ्या कापायला गुडघ्याएवढ्या, साधारण 20 इंच उंचीच्या दोन घोड्या हव्यात. फळी त्यांवर टाकून गुडघ्याने दाबली की हात मोकळे. पटाशीने खाच खणताना लाकूड वरून दाबायला होल्डफास्ट उत्तम: बेंचला पाऊण इंची भोक, त्यात त्याहून किंचित बारीक, वाकवलेली साध्या लोखंडाची गोल सळई, वरून एक ठोका की घट्ट, मागून ठोका की मोकळी. लोहार करून देतो, फक्त बांधकामाची पिळाची सळई त्याला देऊ नका. होल्डफास्ट नसेल तर 6 इंची जी-क्लॅम्प चार. दोनने भागत नाही.

अवजारं आता. पटाशा पाव, अर्धा, पाऊण आणि एक इंच, बारा नगांचा संच नको. धातूचा पाच नंबरचा रंधा, म्हणजे 14 इंची, एकच. सुरुवातीची सगळी कामं त्यात होतात. लाकडी रंधा स्वस्त आणि हाताला गोड, पण पावसाळ्यात त्याचं अंग फुगतं, पाचर अडकते आणि तळ पुन्हा सपाट करावा लागतो. पाठीला पट्टी असलेली 12 इंची टेनन सॉ, एक मोठी करवत, मोगरी (लाकडी हातोडा), स्टीलची फूटपट्टी, कडेला समांतर रेघ ओढायचं मार्किंग गेज. गुण्या, म्हणजे काटकोन पाहायचं साधन, दुकानातच तपासा: सरळ कडेच्या प्लायवर एक रेघ ओढा, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी ओढा. दोन रेघा फाकल्या तर तो परत ठेवा. आणि यातलं एकही अवजार व्हाइस व अडसर बसायच्या आधी लाकडाला लावू नका. मोह होतो, म्हणून पुन्हा सांगतो.

धार. नवी पटाशी धारदार येत नाही, तिला फक्त उतार दिलेला असतो. महाग दगडाची गरज नाही. 10 मिमी काचेच्या तुकड्यावर वॉटर पेपर 220, 400, 800, 1500 असे क्रमाने चिकटवा. आधी पाठ घासा, फक्त टोकाकडचा एक इंच, पण तो आरशासारखा व्हायला हवा. पाठ खडबडीत राहिली तर पुढून कितीही घासा, धार येत नाही. मग उतार: मूळ कोन 25 अंश, धारेचा 30. धार लावताना कोन कायम ठेवणाऱ्या, बाजूने पकडणाऱ्या साध्या होनिंग गाइडमध्ये पटाशी 30 मिमी आणि रंध्याचं पातं 38 मिमी बाहेर काढलं की 30 अंश येतात. ही दोन मापं एका लाकडी ठोकळ्यावर कोरून ठेवा. बोट पाठीवरून धारेकडे, बाहेरच्या दिशेने नेलं की लव, म्हणजे घासून मागे वळलेली धातूची बारीक कड, लागते. ती सगळ्या रुंदीभर लागली तरच पुढचा पेपर. पाइनच्या आडव्या टोकावरून पटाशीने पापुद्रा निघाला तर धार आली. आणि काच? ती ओल्या फडक्यावर किंवा रबरी मॅटवर ठेवा, पुढे अडसराला टेकवा. इथेही सरकता कामा नये.

लाकूड घेताना पहिल्या कामाला साग नको. सागात सिलिका असते, धार लवकर जाते आणि नवख्या हाताला वाटतं आपलंच चुकतंय. शिवणीचं लाकूड घ्या, रंध्याखाली शहाण्यासारखं वागतं. पॅकिंगचं पाइनही चालतं, पण त्यावरचा शिक्का पाहा: एचटी म्हणजे तापवून प्रक्रिया केलेलं, ते घ्या, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेलं, ते सोडा. बारीक भोकांतून पीठ गळत असेल तर ती फळी घरात आणूच नका.

वखारीतून आणलेलं लाकूड त्याच दिवशी कापू नका. मध्ये अर्ध्या इंची पट्ट्या घालून, टोकांना रंग फासून, त्याच खोलीत किमान तीन आठवडे मुरू द्या. हवेत 85 टक्के दमटपणा असताना लाकूड 17-18 टक्के पाणी धरतं, 35 टक्क्यांच्या कोरड्या उन्हाळ्यात 6-7 वर येतं. किनाऱ्यापासून दूर, कोरड्या भागात ऑगस्ट ते मे एवढा फरक पडू शकतो. फूटभर रुंद सागाची पाटी त्यातल्या 8 टक्क्यांच्या फरकानेच 4 ते 5 मिमी, म्हणजे जवळजवळ दीड सूत आक्रसते. म्हणून टेबलाची पाटी खालून गोंदाने जखडू नका, लांबट भोकांतून स्क्रू द्या.

गंजाचं थोडक्यात: काम झालं की शिवणयंत्राच्या तेलाचं फडकं फिरवा, प्लॅस्टिक किंवा चामड्याच्या म्यानात ठेवू नका, पावसाळ्यात बाल्कनीत तर नाहीच.

आवाज: रंधा आणि करवत शेजाऱ्याला फारसे ऐकू येत नाहीत, मोगरी खालच्या मजल्यावर ऐकू येते. बेंचच्या पायांखाली रबर घाला, खणायचं काम पायाच्या बरोबर वर ठेवून करा, दुपारी करू नका. पायाच्या वर ठोकलं की फळी उसळत नाही, खाचही लवकर होते.

गोंद लावायच्या आधी सगळं कोरडं जोडून क्लॅम्प लावून पाहा. 4 फुटी बार-क्लॅम्प किमान तीन, एक वरून. उन्हाळ्यात गोंद पटकन सुकतो, क्लॅम्प शोधायला वेळ मिळत नाही.

जवस तेल लावलेली फडकी चुरगळून टोपलीत टाकू नका, आपोआप पेटतात. पाण्यात भिजवा किंवा एकेरी पसरून वाळवा.

उजेड डावीकडून. प्रथमोपचाराची पेटी हाताशी.

पहिल्या दिवशी फक्त हे करा: दोन फुटी शिवणीची पाटी अडसराला लावा, मागून खाचेची फळी दाबा, आणि रंधा न घेता पाटीवर दोन्ही तळवे टेकवून पुढे, मागे, बाजूला ढकला. काहीही हललं तर त्या दिवशी रंधा पेटीतच राहू दे.